गोठ्यातील कुत्रा : राखणदार की उपद्रवी?

शेतकऱ्याच्या दारी गाय-बैल, शेळ्या आणि कोंबड्या यांच्याबरोबर कुत्रा असतोच. गाईच्या दुधाचा, बैलाच्या कामाचा आणि कोंबडीच्या अंड्यांचा हिशेब घरात होतो. कुत्र्याचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. त्याला उरलेली भाकरी मिळते आणि त्याने रात्री भुंकावे एवढीच अपेक्षा असते. वासराला दाव्याची सवय लावावी लागते, खोंडाला जू ओळखीचे करावे लागते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु कुत्र्यालाही जनावरांत वागण्याचे वळण लावावे लागते, हा विचार फारसा कोणाच्या मनात येत नाही. पिल्लू आपोआप वाढते. चांगले निपजले तर दैवाचे, वाईट निपजले तर काठीचे धनी होते.

या दुर्लक्षाची किंमत लहान नाही. ज्या कुटुंबाची सारी पुंजी चार शेळ्या आणि दहा-बारा कोंबड्या एवढीच असते, त्या कुटुंबात घरच्याच कुत्र्याने एक करडू फाडले तर वर्षाचा हिशेब कोलमडतो. कुत्र्याने नुसता पाठलाग केला तरी गाभण शेळी गाभडण्याचे भय असते आणि दुभती म्हैस बुजून पान्हा चोरते. याच्या उलट, नीट वळण लागलेला एक गावठी कुत्रा रात्रभर जागून अख्ख्या वाड्याचे रक्षण करतो. दोन्ही कुत्रे जातीने एकच असतात. फरक पडतो तो पहिल्या काही महिन्यांत मिळालेल्या शिक्षणाचा.

चेण्यासारख्या गावाची विशेष अडचण

हा प्रश्न सर्वच गावांचा असला तरी जंगलाच्या कडेवरील गावांत तो अधिक तीव्र होतो. ठाणे जिल्ह्यातील चेणे हे अशा गावांपैकी एक होय. घोडबंदर रस्त्यालगत वसलेले हे गाव आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तथापि त्याच्या पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उभे आहेत आणि त्या डोंगरांतून उतरणारी चेणा नदी गावाजवळून खाडीकडे जाते. एका अंगाला वाढते शहर व त्याचा कचरा, तर दुसऱ्या अंगाला शंभर चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक विस्ताराचे अरण्य, अशा दुहेरी कात्रीत येथील पशुपालक सापडला आहे.

या अरण्यात बिबट्याची वस्ती आहे. २०१५ साली उद्यान व लगतच्या भागात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या पाहणीत ३५ बिबटे आढळले होते. बिबट्याला कुत्रा हे आवडीचे व सहज मिळणारे भक्ष्य आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट होती. तरीही बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, तर शेळ्यांचा केवळ ११ टक्के निघाला. याचा अर्थ उघड आहे. शेळ्या माणसाच्या नजरेखाली चरतात आणि रात्री कोंडल्या जातात. कुत्रे मात्र मोकाट फिरतात. मोकाट कुत्रे जेथे अधिक, तेथे बिबट्याच्या फेऱ्याही अधिक. म्हणून कुत्र्याला वळण लावणे हा येथे केवळ शेळ्या-कोंबड्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न उरत नाही. तो कुत्र्याच्या आणि माणसाच्याही सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

कुत्रा पाठलाग का करतो?

उपाय योजण्यापूर्वी कुत्र्याचा मूळ स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. शिकारी प्राण्याच्या वागण्यात काही पायऱ्या क्रमाने येतात : भक्ष्य हेरणे, त्यावर नजर रोखणे, दबा धरून सरकणे, पाठलाग करणे, पकडणे, ठार करणे आणि शेवटी खाणे. माणसाने हजारो वर्षे कुत्रा पाळून या साखळीतील निरनिराळ्या कड्या निरनिराळ्या जातींत कमीअधिक केल्या. मेंढ्या हाकणाऱ्या परदेशी जातींत नजर रोखणे व पाठलाग करणे या कड्या जोरकस असतात. पकडणे व मारणे या दाबलेल्या असतात. कारवानसारख्या शिकारी जातींत धावत्या प्राण्यामागे सुटण्याची ओढ तीव्र असते. कळपाची राखण करणाऱ्या जातींत मात्र ही सारी साखळीच मंद झालेली असते.

आपला गावठी कुत्रा या सर्वांच्या मध्ये येतो. त्याच्यात सर्व कड्या थोड्याथोड्या प्रमाणात असतात. कोणती कडी बळावेल हे त्याच्या लहानपणच्या अनुभवावर अवलंबून असते. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पाठलागाची सुरुवात भुकेतून होतेच असे नाही. धावणारे करडू, फडफडणारी कोंबडी, उधळलेले वासरू हे दृश्यच कुत्र्याला चेतविते आणि पाठलागात त्याला गोडी वाटते. यास्तव पोटभर खाऊ घातलेला कुत्राही शेळी मारू शकतो. नुसते खाणे वाढवून हा दोष जात नाही.

ठिकठिकाणचे अनुभव

कुत्र्याला लहानपणापासून जनावरांत वाढविण्याची रीत जुनी आहे. चार्ल्स डार्विन १८३३ साली दक्षिण अमेरिकेतील आजच्या उरुग्वे देशात फिरत असता त्याला मोठमोठे मेंढ्यांचे कळप केवळ एक-दोन कुत्र्यांच्या राखणीवर चरताना दिसले. चौकशी करता असे कळले की, तेथे पिल्लाला फार लवकर आईपासून वेगळे करीत, दिवसातून तीन-चार वेळा मेंढीचे दूध पाजीत आणि मेंढवाड्यातच लोकरीचे अंथरूण करून देत. इतर कुत्र्यांशी किंवा घरातील मुलांशी त्याला मिसळू देत नसत. असे वाढलेले कुत्रे कळपालाच आपले कुटुंब मानी.

अमेरिकेतील नावाहो आदिवासींच्या कुत्र्यांचा अभ्यास १९८० नंतरच्या दशकात झाला. हे कुत्रे कोणत्याही नावाजलेल्या जातीचे नव्हते. मिश्र वंशाचे, आपल्या गावठी कुत्र्यांसारखेच होते. परंतु पिल्लेपणापासून मेंढ्या-शेळ्यांच्या वाड्यात राहिल्यामुळे ते राखणीचे काम उत्तम करीत. आफ्रिकेतील नामिबियात १९९४ पासून चित्ता संवर्धनाच्या कामात शेतकऱ्यांना अनातोलिया भागातील राखणीचे कुत्रे देण्यात येऊ लागले. त्यामुळे कळपांचे नुकसान घटले आणि चित्त्यांना मारण्याची निकडही कमी झाली.

आपल्याकडे याचा जिवंत धडा धनगर मेंढपाळांच्या वाड्यावर पाहावयास मिळतो. पावसाळा सरताच पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक धनगर आपले कळप घेऊन कोकणाकडे उतरतात आणि शेतकरी खतासाठी मेंढ्या आपल्या शेतात बसवून घेतात. या वाड्यांवरील कुत्री मेंढ्यांतच वितात आणि पिल्ले डोळे उघडल्यापासून कोकरांच्या संगतीत वाढतात. मोठे झाल्यावर हेच कुत्रे रात्री कळपाभोवती बसून राखण करतात. मेंढरू अंगावरून गेले तरी मान वर करीत नाहीत. त्यांना शिकविण्यासाठी कोणी वेगळी शाळा काढीत नाही. कळप हीच त्यांची शाळा असते.

या सर्व अनुभवांचे सार एकच : राखणीचा कुत्रा विकत आणण्यापेक्षा तो घडविणे महत्त्वाचे.

पिल्लाची निवड

ज्या कुत्रीचे वर्तन जनावरांत शांत आहे तिचे पिल्लू निवडावे. आईच कोंबड्यांमागे लागत असेल तर पिल्ले तेच पाहून शिकतात. पिल्लांत जे फार भित्रे किंवा फार आक्रमक असेल ते टाळावे. हात लावताच दाताने धरणारे, भावंडांना सतत दाबणारे पिल्लू गोठ्याच्या कामाचे नाही. जे पिल्लू शेळी जवळ आली असता थोडे मागे सरते, वास घेते आणि शांत बसते ते उत्तम समजावे.

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळतानाच आपला चावा किती लागतो हे त्याला कळते. फार लवकर उचललेले पिल्लू पुढे जोराने चावणारे होण्याचा संभव असतो. शक्य असल्यास कुत्रीलाच गोठ्याच्या एका कोपऱ्यात विण्यास जागा द्यावी, म्हणजे आईचे दूध आणि जनावरांची ओळख या दोन्ही गोष्टी पिल्लाला एकाच वेळी मिळतात.

पहिले तीन महिने : ओळखीचा काळ

कुत्र्याच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ निर्णायक होय. या काळात ज्या प्राण्यांची संगत त्याला घडते, त्यांना तो आपले मानतो. हा काळ निसटला तर पुढे दुप्पट कष्ट करूनही तेवढे फळ मिळत नाही. भात पेरण्याची वेळ टळल्यावर कितीही खत घातले तरी पीक साधत नाही, तसेच हे आहे.

या काळात पिल्लाची रात्रीची जागा शेळ्यांच्या वाड्यात असावी. वाड्याच्या कोपऱ्यात बांबूच्या कामट्यांचा किंवा जाळीचा छोटा आडोसा करावा. त्याची फट एवढीच ठेवावी की पिल्लू आतबाहेर करू शकेल, पण शेळी आत शिरणार नाही. पिल्लाचे खाणेपिणे या आडोशातच ठेवावे. नाहीतर शेळ्या त्याचे अन्न खातात आणि पिल्लू अन्नासाठी त्यांच्यावर गुरगुरण्यास शिकते.

पिल्लाबरोबर प्रथम एखादी शांत, वयस्क शेळी ठेवावी. नुकतीच व्यालेली शेळी किंवा मारकी म्हैस जवळ ठेवू नये. पिल्लाला एकदा जबर टक्कर बसली तर ते आयुष्यभर जनावरांना भिते, आणि भित्रा कुत्राच पुढे चावरा होतो. शेळीने हलकीशी शिंगे दाखवून त्याला मर्यादा शिकविली तर मात्र हरकत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा घरच्या माणसाने वाड्यात बसून पिल्लाला हाताळावे. त्याचे पाय, कान, तोंड पाहावे. राखणीचा कुत्रा माणसाच्या हाती न येणारा झाला तर त्याला लस टोचणेही अशक्य होते.

शिस्तीचे चार पाठ

तीन महिन्यांचे झाल्यावर पिल्लाला पट्टा आणि दोरीची सवय लावावी. पाठ फार नाहीत. पण ते पक्के झाले पाहिजेत.

पहिला पाठ, हाक मारताच येणे. दोन माणसांनी थोड्या अंतरावर बसून आळीपाळीने नाव घेऊन "ये" म्हणावे आणि आल्यावर भाकरीचा तुकडा द्यावा. जवळ आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नये, मग त्याने पूर्वी काहीही आगळीक केलेली असो. हाकेला येऊन मार बसला तर तो पुन्हा हाकेला येणार नाही.

दुसरा पाठ, बसणे व बसून राहणे. जनावरे चालू लागली तरी कुत्रा जागचा हलू नये, येथपर्यंत हा पाठ न्यावा.

तिसरा पाठ, सोडणे. तोंडातील वस्तू "सोड" म्हणताच टाकावी व त्याबदली अधिक आवडीची वस्तू मिळावी. ज्या कुत्र्याला हे साधले त्याच्या तोंडून कोंबडीचे पिल्लूही जिवंत सोडविता येते.

चौथा पाठ सर्वांत महत्त्वाचा : जनावर पाहून मालकाकडे पाहणे. पाच-सहा हात दोरीला धरून कुत्र्याला चरणाऱ्या शेळ्यांपासून बरेच दूर उभे करावे. तो शेळ्यांकडे पाहील. त्याने मान वळवून मालकाकडे पाहताच लगेच तुकडा द्यावा. बक्षीस एक-दोन क्षणांतच मिळाले पाहिजे. उशिरा दिलेल्या बक्षिसाचा कशाशी संबंध आहे हे त्याला कळत नाही. दररोज थोडे अंतर कमी करावे. कुत्रा ताठ उभा राहून नजर रोखू लागला, शेपटी स्थिर झाली, दोरी ओढू लागला, तर अंतर फार लवकर कमी झाले असे समजावे आणि पुन्हा मागे यावे. नजर रोखली जाते तेथेच पाठलागाचे मूळ असते. सुटलेला कुत्रा आवरण्यापेक्षा रोखलेली नजर मोडणे सोपे.

एका वेळी दहा मिनिटे व दिवसातून दोन वेळा एवढा अभ्यास पुरेसा आहे. गुरे सोडण्याच्या व बांधण्याच्या वेळी तो केला तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. मात्र घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावेत. एकाने "बस" म्हणावे, दुसऱ्याने "खाली" म्हणावे आणि मुलांनी त्याला कोंबड्यांवर छू करावे, असे झाल्यास सारे शिक्षण वाया जाते. मुलांची ही छू-छू करण्याची सवय घराघरांत कटाक्षाने बंद करावी.

अवखळ वय

सहा महिन्यांपासून सुमारे सव्वा वर्षाचे होईपर्यंत कुत्र्याचे वय अवखळ असते. चांगले वाढलेले पिल्लूही या वयात करडांशी खेळू पाहते. कान ओढते, शेपटी धरते, मागे धावते. त्याच्या दृष्टीने हा खेळ असतो, करडाच्या दृष्टीने तो प्राणसंकट ठरू शकतो. "अजून लहान आहे, पुढे सुधारेल" असे म्हणून सोडून देऊ नये. खेळाचेच पुढे व्यसन होते.

या वयात कुत्र्याला देखरेखीशिवाय करडांत व कोकरांत सोडू नये. त्याला मोठ्या, अंगाने भारी शेळ्यांत किंवा गुरांत ठेवावे. ती खेळण्यास दाद देत नाहीत. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणे अडकविण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. तीच युक्ती कुत्र्यासाठीही उपयोगी पडते. पट्ट्याला हलके लाकूड अशा बेताने टांगावे की ते गुडघ्याच्या किंचित वर लोंबेल. चालताना ते त्रास देत नाही, पण धावू लागताच पायांत येते. लाकूड जड नसावे, त्याला खिळे नसावेत, आणि ते दिवसा नजरेखालीच वापरावे. रात्री ते काढून ठेवावे.

कोंबड्या आणि वेताचे दिवस

शेळ्यांपेक्षा कोंबड्यांची सवय लावणे कठीण, कारण त्यांची फडफड कुत्र्याला अनावर करते. प्रथम कोंबड्या खुराड्यात व कुत्रा बाहेर दोरीला, असे आठ-पंधरा दिवस करावे. कुत्रा शांत पडून राहू लागला की एखादी मोठी कोंबडी मोकळी सोडावी. लहान पिल्ले सर्वांत शेवटी. कित्येक कुत्रे कोंबड्यांत पूर्ण विश्वासाचे कधीच होत नाहीत. अशांच्या बाबतीत खुराड्याची जाळी हाच खरा उपाय.

गाय, म्हैस किंवा शेळी विण्याच्या वेळी कुत्र्याला दूर बांधावे. वेणांचा आवाज, रक्ताचा वास आणि धडपडणारे ओले वासरू यांमुळे शहाणा कुत्राही गोंधळतो. पडलेली वार कुत्र्याच्या तोंडी लागू न देता खोल खड्ड्यात पुरावी. नवजात करडाची ओळख दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोरी धरून करून द्यावी.

काही चुकीच्या समजुती

कोंबडी मारलेल्या कुत्र्याच्या गळ्यात तीच मेलेली कोंबडी बांधावी, म्हणजे त्याला तिचा वीट येतो, असा एक जुना समज आहे. यात तथ्य नाही. सडणारे मांस गळ्यात बांधल्याने रोग मात्र पसरतो. घटना घडून गेल्यावर तासाभराने मारलेल्या काठीचाही उपयोग नाही. कुत्र्याला मार आठवतो, मारण्याचे कारण कळत नाही. जनावरे जवळ असताना वारंवार मार बसला तर "जनावरे आली की मार बसतो" असा अर्थ तो घेतो आणि त्यांचा द्वेष करू लागतो.

सतत साखळीला बांधलेला कुत्रा सुरक्षित असतो, ही समजूतही अपुरी आहे. दिवसरात्र बांधलेला कुत्रा चिडखोर होतो आणि सुटला की पहिला सूड समोर दिसेल त्या जनावरावर उगवितो. बांधणे हे शिक्षणाला साहाय्यक आहे, शिक्षणाच्या बदली नाही.

जनावर मारलेल्या कुत्र्याचे काय करावे?

ज्या प्रौढ कुत्र्याने एकदा शेळी मारली, तो पुन्हा विश्वासाचा होईल अशी आशा धरू नये. त्याला जनावरांपासून कुंपणाने वेगळे ठेवावे किंवा जेथे शेळ्या-कोंबड्या नाहीत अशा घरी द्यावे. दोन-तीन कुत्रे एकत्र आले की एकट्याने न केलेले धाडस ते करतात, म्हणून रात्री टोळीने भटकण्याची सवय लागू देऊ नये. नर व मादी यांचे निर्बीजीकरण करून घेतल्यास भटकणे व भांडणे बऱ्याच अंशी कमी होतात.

रागाच्या भरात कुत्र्याला विष घालणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय ते अविचाराचेही आहे. विषारी मांस शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या, मांजराच्या किंवा वन्य प्राण्याच्या पोटात जाऊ शकते. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण व लसीकरण करण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. चेण्यासारख्या गावाने महानगरपालिकेकडे, तर इतर गावांनी ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करावी.

रात्र आणि बिबट्या

बिबट्याच्या प्रदेशात कुत्र्याकडून कोणते काम अपेक्षावे याचा नीट विचार झाला पाहिजे. नामिबियातील राखणीचे कुत्रे देहाने फार मोठे असतात. आपला गावठी कुत्रा बिबट्याशी झुंज घेऊ शकत नाही आणि त्याने ती घ्यावी अशी अपेक्षाही करू नये. त्याचे काम चाहूल लागताच भुंकून माणसाला जागे करणे एवढेच. रक्षण करावयाचे ते मजबूत वाड्याने.

यासाठी अंगणात उघड्यावर साखळीने कुत्रा बांधून ठेवण्याची पद्धत तत्काळ बंद करावी. असा कुत्रा राखण करीत नाही. तो बिबट्याला दारापर्यंत आणणारे आमिष ठरतो. बांधलेला असल्यामुळे त्याला पळताही येत नाही. रात्री कुत्रा शेळ्यांच्या बंद वाड्यात किंवा घराच्या पडवीत, दार लावून असावा. वाड्याला कुडाची किंवा विटांची भिंत, वर पक्के छप्पर आणि फटींवर जाळी हवी. नुसती उंच भिंत पुरत नाही, कारण बिबट्या चढण्यात व उडी मारण्यात पटाईत असतो. चराईला नेताना मेंढपाळांप्रमाणे कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा रुंद पट्टा घालावा. बिबट्या गळाच धरतो, म्हणून हा पट्टा पुष्कळदा जीव वाचवितो.

याहूनही मूलगामी उपाय म्हणजे स्वच्छता. उकिरड्यावर टाकलेले शिळे अन्न, कोंबडीची आतडी व पिसे यांवर भटके कुत्रे पोसतात आणि त्या कुत्र्यांमागे बिबट्या येतो. २००२ ते २००४ या काळात या उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. त्यांत मुलांचाही समावेश होता. पुढे वनविभाग व अभ्यासक यांनी २०११ पासून लोकजागृतीची जी मोहीम हाती घेतली, तिच्यातही कचरा आवरणे, मुलांना अंधारात एकटे न सोडणे व घराभोवती उजेड ठेवणे यांवर भर दिला गेला. ठाणे-पालघर भागातील वारली समाज वाघोबाला देव मानतो आणि त्याची पूजा करतो. वाघाशेजारी राहावयाचे तर मर्यादा पाळून राहावे, हे शहाणपण त्या श्रद्धेत आहे. गोठा बंद ठेवणे आणि कचरा आवरणे ही त्याच मर्यादेची आजची रूपे होत.

बिबट्याने शेळी किंवा गुरू मारल्यास मृत जनावर जागचे हलवू नये व विनाविलंब वनविभागास कळवावे. वनविभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठी आहे. पंचनामा व पशुवैद्यकीय दाखला झाल्यावरच नुकसानभरपाईचा अर्ज पुढे सरकतो.

रोगांपासून संरक्षण

कुत्रा गोठ्यात ठेवावयाचा तर त्याच्यापासून होणाऱ्या रोगांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. त्यांत पिसाळरोग सर्वांत भयंकर होय, कारण लक्षणे दिसल्यावर त्याला इलाज नाही. पिल्लाला तीन महिन्यांचे होताच लस टोचावी व पुढे पशुवैद्यकाच्या सांगण्याप्रमाणे दरवर्षी ती पुन्हा द्यावी. गावातील निदान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली गेली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे.

माणसाला कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. गाय, म्हैस किंवा शेळी यांना कुत्रा चावला तरीही जखम धुऊन पशुवैद्यकास बोलवावे, कारण त्यांनाही हा रोग होतो. गाय घोगऱ्या आवाजाने वारंवार हंबरते, लाळ गाळते, गिळू शकत नाही, तेव्हा घशात काही अडकले असेल असे समजून तोंडात हात घालण्याची चूक अनेकजण करतात. अशा जनावराच्या तोंडात कदापि हात घालू नये.

दुसरा धोका जंतांचा. कापलेल्या शेळी-मेंढीचे यकृत, फुफ्फुस किंवा आतडी कच्ची कुत्र्याला घातली तर त्यांतील पाण्याच्या गाठींतून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे चाऱ्यात व पाण्यात मिसळून पुन्हा जनावरांच्या आणि माणसांच्या पोटात जातात व यकृतात गाठी करतात. एका प्रकारच्या फीतकृमीमुळे मेंढ्या-शेळ्यांच्या मेंदूत गाठ होऊन जनावर गोल गोल फिरू लागते. म्हणून कच्चे अवयव कुत्र्याला घालू नयेत, मेंढी-शेळीचे डोके उघड्यावर टाकू नये, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कुत्र्याला ठराविक काळाने जंतनाशक औषध द्यावे आणि त्याची विष्ठा गव्हाणीजवळ पडू देऊ नये.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना या विषयात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. प्रथम गावातील पाळीव कुत्र्यांची यादी करावी. त्यांपैकी किती लसवंत आहेत, किती रात्री मोकळे असतात, कोणत्या कुत्र्याविषयी तक्रार आहे, याची नोंद ठेवावी. दुसरे, ज्या घरी कुत्री व्याली असेल तेथे पिल्ले आठ आठवड्यांची होण्यापूर्वीच भेट द्यावी, कारण सल्ल्याचा खरा उपयोग त्याच वेळी होतो. तिसरे, दरवर्षी २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने लसीकरणाचा दिवस ठरवावा. चौथे, गावात एखाद्या पशुपालकाने कुत्रा उत्तम घडविला असेल तर त्याच्या वाड्यावर इतरांची बैठक घ्यावी. शेळ्यांच्या घोळक्यात निवांत पडलेला एक कुत्रा प्रत्यक्ष पाहिला म्हणजे दहा व्याख्यानांपेक्षा अधिक पटते.

या साऱ्या कामास पैसा फारसा लागत नाही. थोड्या कामट्या, एक दोरी, भाकरीचे तुकडे, लसीचे टोचण आणि वर्षभराची चिकाटी एवढीच सामग्री पुरते. ज्या घरात वासराला माणसाळविण्याचे धैर्य आहे, त्या घरात कुत्र्याला शहाणे करण्याचेही सामर्थ्य आहे. पिल्लू घरी येईल त्याच दिवशी त्याला शेळ्यांच्या वाड्यात जागा द्यावी आणि शिक्षणास आरंभ करावा.